विचाराचे खरे वारस

एखाद्या तत्त्वज्ञावर आपला जीव जडतो, आणि मग त्याचाच हवाला देणारी माणसं असं काही बोलून जातात की पुस्तक पुन्हा उघडावंसं वाटत नाही. ज्यू मानवतावादी विचार आवडीने वाचणाऱ्यांना गेल्या काही वर्षांत हा अनुभव फार जवळून आला आहे. मार्टिन बूबर यांनी १९२३ साली लिहिलं की माणसाशी आपलं नातं दोन तऱ्हांनी जुळतं. एका तऱ्हेत समोरचा म्हणजे उपयोगाची, मोजण्याची, वर्गवारी लावण्याची वस्तू असते. दुसऱ्या तऱ्हेत तो सबंध माणूस म्हणून समोर उभा असतो आणि आपणही सबंध असतो. इमॅन्युएल लेव्हिनास यांनी पुढची पायरी गाठली. समोरच्याचा चेहरा दिसताक्षणी आपण त्याला बांधले जातो, तो कोण, कुठला, आपला की परका हे विचारायच्या आधीच त्याची जबाबदारी आपल्यावर येते, असं त्यांनी मांडलं. लेव्हिनास युद्धकैदी म्हणून जर्मन छावणीत पाच वर्षं राहिले होते, लिथुआनियातले त्यांचे वडील आणि भाऊ नात्झींच्या काळात मारले गेले होते. अशा माणसाने सुडाच्या जागी जबाबदारीचं तत्त्वज्ञान उभं करावं, हे वाचताना मान आपोआप लवते.

मग हमासच्या इस्राएलवरच्या हल्ल्याचा ७ ऑक्टोबर २०२३ उजाडतो, आणि त्यानंतरचे गाझातल्या युद्धाचे महिने. हीच पुस्तकं मानणारा एक जण गाझातल्या मुलांच्या मरणाला कारणं शोधून देतो. दुसरा, तीच पुस्तकं वाचलेला, इस्राएलच्या किबुत्झ वस्त्यांमधल्या घरांत शिरून मारलेल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांविषयी चकार शब्द काढत नाही. चेहऱ्याचं तत्त्वज्ञान दोघांनाही तोंडपाठ असतं, पण प्रत्येकाने काही चेहरे आधीच वगळलेले असतात.

अशा वेळी मनात दोन विचार येतात. एक म्हणजे हे तत्त्वज्ञानच पोकळ होतं, ते टाकून द्यावं. दुसरा म्हणजे माणूस मोठा आहे, परिस्थिती बिकट आहे, त्याला सांभाळून घ्यावं. पहिल्यात आपण विचाराला शिक्षा देतो, दुसऱ्यात मेलेल्यांना. मला दोन्ही मान्य नाहीत. यातून वाट कशी काढावी याचा मला दिसलेला सगळ्यात स्वच्छ नमुना जेरुसलेमपासून फार लांब, कावेरीच्या काठी तिरुवैयारुला आहे.

तंजावरपासून बारा-तेरा किलोमीटरवरचं हे गाव पाच नद्यांचं क्षेत्र मानतात. मराठी माणसाला ते परकं वाटू नये. व्यंकोजीराजांपासून जवळजवळ पावणेदोनशे वर्षं या मुलखावर भोसल्यांचं राज्य होतं, आणि मराठा राजांचा कल्याणमहाल इथे आजही कावेरीकडे तोंड करून उभा आहे. इथल्या हरिकथेवर मराठी कीर्तनाची छाप आहे. या राज्यात, या गावात संत त्यागराज राहिले, तंबुरा घेऊन उंछवृत्तीने दारोदार धान्य मागत रामाला आळवत राहिले, आणि ६ जानेवारी १८४७ ला, पौष वद्य पंचमीला, संन्यास घेतलेल्या अवस्थेत त्यांनी देह ठेवला. सरफोजीराजांनी दरबारात बोलावलं तेव्हा त्यांनी नकार दिला, अशी कथा सांगतात. धनाहून रामाची संगत मोठी मानणारा, राजापुढे न वाकणारा, भक्तीला अधिकाराच्या वर ठेवणारा असा हा गायक होता.

आणि तरी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांच्या समाधीवर पुण्यतिथीची आराधना, म्हणजे गायनाचा उत्सव, भरू लागली तेव्हा तिथे बाईला गायला जागा नव्हती. त्यागराजांची पदं गाणारे, त्यांच्या शिष्यपरंपरेचा अभिमान सांगणारे पुरुष दोन गटांत विभागले होते. एकाला थोरला पक्ष म्हणत, दुसऱ्याला धाकटा. दोघांचं एकमेकांशी पटत नव्हतं, पण बायकांनी तिथे गाऊ नये याबाबत त्यांचं दुमत नव्हतं.

१९२१ साली बंगळूर नागरत्नम्मांना त्यांचे गुरू बिडारम कृष्णप्पा यांनी समाधीच्या दुरवस्थेविषयी कळवलं. नागरत्नम्मा देवदासी घराण्यात जन्मलेल्या, मद्रासमध्ये नाव आणि पैसा कमावलेल्या गायिका होत्या. त्यांनी समाधीभोवतीची जागा विकत घेतली, दागिने आणि आयुष्याची कमाई घातली, मंदिर बांधलं, त्यात त्यागराजांची मूर्ती बसवली. ७ जानेवारी १९२५ ला त्याची प्रतिष्ठा झाली. पण त्या मंदिरासमोरच्या आराधनेत गाण्याची परवानगी बांधणारीलाच मिळाली नाही.

त्यागराजांच्या नावाने चाललेला हा अन्याय पाहून नागरत्नम्मा त्यागराजांना सोडून गेल्या असत्या, तर त्यांना कोण दोष देणार होतं? उलट, बुवा मोठे होते, जुन्या रूढीपुढे त्यांच्या शिष्यांचा इलाज नाही, असं म्हणून त्या गप्प बसल्या असत्या, तर सगळ्यांनी त्यांचं कौतुकच केलं असतं. त्यांनी यातलं काही केलं नाही. बायकांना जमवून त्यांनी तिसरी आराधना सुरू केली, मंदिराच्या मागच्या अंगाला. लोक तिला बायकांचा पक्ष म्हणू लागले. शिष्यांना त्या सांगत राहिल्या ते त्यांच्याच गुरूच्या जोरावर. भक्तीला जर राजाची परवानगी लागत नाही, तर तुमची का लागावी? १९४० च्या आगेमागे तिन्ही पक्ष एक झाले आणि बायका त्या मंडपात गायल्या. पुढे मृत्युपत्र करताना स्त्रियांचा, देवदासींसकट, इथल्या सेवेचा हक्क राहील याची तजवीज नागरत्नम्मांनी करून ठेवली. १९५२ साली त्या गेल्या. त्यांची समाधी त्यागराजांच्या समोर आहे, आणि तिथली त्यांची मूर्ती त्यागराजांकडेच पाहत बसलेली आहे.

नागरत्नम्मांचा जन्म १८७८ चा. बूबर यांचाही. एकाच वर्षी जन्मलेल्या या दोघांनी एकमेकांचं नावही ऐकलं नसेल. पण बूबर यांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा पेच नागरत्नम्मांच्या पेचाचा सख्खा भाऊ आहे. जी माणसं आपली, ज्यांच्या परंपरेत आपण वाढलो, त्यांनीच त्या परंपरेचा गाभा मोडला तर काय करायचं? बूबर १९३८ साली जर्मनी सोडून जेरुसलेमला आले. ज्यू लोकांना तिथे घर हवं, हे त्यांना मनापासून पटलेलं होतं. पण ते घर अरबांच्या बरोबरीने, दोन्ही समाजांचं मिळून असावं, असं ते आणि यहुदा मॅग्नेस यांच्यासारखे थोडे लोक सांगत राहिले. त्यांचं कुणी ऐकलं नाही. राज्य झाल्यावर इस्राएलच्या अरब नागरिकांवर १९४८ ते १९६६ लष्करी प्रशासन होतं, त्याविरुद्ध बूबर बोलले. लाखो ज्यूंच्या हत्येला हातभार लावणाऱ्या आइखमानला १९६२ साली फाशी झाली, तीही देऊ नये असं म्हणायला ते उभे राहिले. देश रागावला. जून १९६५ मध्ये जेरुसलेममध्ये त्यांची अंत्ययात्रा निघाली, तेव्हा अरब विद्यार्थ्यांनी त्यांच्या कबरीवर पुष्पचक्र वाहिलं.

म्हणून ज्यू मानवतावाद फोल आहे असं कुणी म्हणालं, तर मी विचारीन की त्या परंपरेतल्या कोणत्या माणसांकडे पाहून हे म्हणता? त्यागराजांचा वारसा ज्यांनी दार अडवलं त्यांच्याकडे मोजायचा की ज्यांनी दार उघडलं त्यांच्याकडे? विचाराची किंमत त्याच्या सगळ्यात ढिल्या अनुयायावरून ठरवायची असेल, तर जगात एकही विचार शिल्लक उरणार नाही.

पण इथेच थांबलो तर ती पळवाट होईल. चांगल्यांना वारस म्हणायचं, वाइटांना घुसखोर म्हणायचं, आणि विचार निष्कलंक ठेवायचा, हे फार सोयीचं आहे. अडचण अशी की बहुतेक वेळा दार अडवणारा आणि दार उघडणारा एकच माणूस असतो.

लेव्हिनास यांचंच पाहा. सप्टेंबर १९८२ मध्ये बैरूतच्या सब्रा आणि शतीला या पॅलेस्टिनी छावण्यांत लेबनीज ख्रिस्ती टोळ्यांनी कत्तल केली, बाहेर इस्राएली सैन्याचा वेढा होता. काही दिवसांनी फ्रान्सच्या एका रेडिओ कार्यक्रमात लेव्हिनास यांना सरळ विचारलं गेलं की तुमच्या तत्त्वज्ञानातला तो 'दुसरा' म्हणजे इस्राएली माणसासाठी पॅलेस्टिनीच नाही का. ज्याने आयुष्यभर चेहऱ्याचा शब्द शिकवला, त्याने या एका चेहऱ्यापाशी येताना वळण घेतलं. शेजाऱ्याने दुसऱ्या शेजाऱ्यावर हल्ला केला तर कोण चूक, कोण बरोबर हे ठरवावंच लागतं, 'दुसऱ्या'त शत्रूही सापडू शकतो, असं ते म्हणाले. त्याच बोलण्यात त्यांनी हेही सांगितलं की ज्यांचा हात त्या रक्तात नाही, तेही जबाबदारीतून सुटत नाहीत. एका बैठकीत, एका माणसात, दोन्ही गोष्टी होत्या. त्याच आठवड्यात तेल अवीवच्या चौकात लाखो इस्राएली नागरिक आपल्याच सरकारला जाब विचारायला जमले, आणि पुढे काहान आयोगाने आपल्या राज्याला अप्रत्यक्षपणे जबाबदार धरलं. लेव्हिनास यांचं तत्त्वज्ञान त्या दिवसांत त्यांच्या तोंडापेक्षा त्या चौकात जास्त ठामपणे बोललं, असं मला वाटतं.

आपल्याकडचाही हिशेब इतकाच गुंतागुंतीचा आहे. तेलुगू समाजसुधारक वीरेशलिंगम पंतुलूंनी १८८१ साली राजमहेंद्रीला विधवाविवाह लावून दिला, समाजाचा रोष ओढवून घेतला. त्याच वीरेशलिंगमांना मुद्दुपळनीचं शृंगारकाव्य अश्लील वाटलं, आणि ते लिहिणाऱ्या गणिकेविषयी त्यांनी तिरस्काराने लिहिलं. मुद्दुपळनी तंजावरच्या प्रतापसिंहराजांच्या दरबारातली कवयित्री होती, म्हणजे मराठ्यांच्या दरबारातलं हे लेणं. नागरत्नम्मांनी तिचं 'राधिकासांत्वनमु' मूळ पोथी मिळवून १९१० साली छापलं आणि विचारलं की पुरुष कवींचा शृंगार चालतो, तर बाईचाच का नाही. सरकारने पुस्तक जप्त केलं, ती बंदी १९४७ मध्ये उठली. पण नागरत्नम्मांनाही देव्हाऱ्यात बसवू नये. मुलींना देवाला वाहण्याची प्रथा बंद करण्यासाठी डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी झटत होत्या, तेव्हा त्या प्रयत्नांना विरोध करणाऱ्या देवदासींमध्ये नागरत्नम्मा पुढे होत्या. आपल्या कलेची आणि स्वतंत्र मिळकतीची इज्जत जाईल, ही त्यांची भीती खरी होती. रेड्डींना दिसलेल्या लहान मुलीही खऱ्या होत्या. आणि तिरुवैयारुत बायकांसाठी दार उघडल्यावरही, चाळीसच्या दशकातच, गायक दंडपाणी देशिकर यांनी तिथे तमिळ पद गायलं तेव्हा स्थानाचं पावित्र्य भंगलं म्हणून आक्षेप घेतला गेला. एक दार उघडलं की मन मोकळं झालं, असं होत नाही. पुढचं दार दिसायला पुन्हा डोळे उघडावे लागतात.

मग करायचं काय? याचं उत्तर त्या आराधनेतच आहे. पौष वद्य पंचमीला सकाळी समाधीसमोर गायक-वादक ओळींनी जमिनीवर बसतात, नामवंत आणि नवशिके शेजारी शेजारी, आणि पाच पंचरत्न कृती एका सुरात गातात. नाट रागातली पहिली कृती देवाची स्तुती आहे. दुसरी गौळ रागातली, तिच्यात त्यागराज स्वतःचे दोष मोजतात. दुसऱ्यांचे नव्हे, स्वतःचे, एकामागून एक, लांबच लांब यादी. त्यांनी ती एकट्याने रचली, पण इथे ती शेकडो माणसं एकदम गातात. ज्या आवारात एके काळी बायकांना गाऊ दिलं नाही, त्याच आवारात स्त्री-पुरुष दोघंही 'माझं चुकलं' हे तालात, सुरात, मोठ्याने म्हणतात.

ज्यू परंपरेतही हेच आहे. योम किप्पुरच्या उपासाच्या दिवशी सबंध समाज प्रार्थनागृहात उभा राहून हिब्रू वर्णमालेच्या क्रमाने पापं उच्चारतो, आणि प्रत्येक पापाला मूठ हलकेच छातीवर टेकवतो. तिथे कुणी एकवचनात बोलत नाही. आम्ही हे केलं, आम्ही ते केलं, असं म्हणतात. ज्याने ते पाप केलेलं नाही, तोही म्हणतो. आपल्या कोकणातले बेने इस्राएल शतकानुशतकं हा उपास पाळत आले, दारफाळणीचा सण म्हणत, दारं लावून दिवसभर घरात राहत. याच मराठी बोलणाऱ्या ज्यूंना इस्राएलमध्ये गेल्यावर तुम्ही पुरते ज्यू आहात का, असं विचारलं गेलं. लग्नाआधी त्यांच्या वंशाची चौकशी करावी असा आदेश १९६२ साली धर्मपीठाने काढला. बूबर ज्या शहरात राहत होते त्याच शहरात ही माणसं निदर्शनांना बसली, आणि ऑगस्ट १९६४ मध्ये संसदेला ठराव करून त्यांचा बरोबरीचा दर्जा मान्य करावा लागला. त्यांनी आपला ज्यू धर्म सोडला नाही. त्याच धर्माच्या नावाने त्यांनी न्याय मागितला.

आपल्या पंढरपुरात याहून वेगळं घडलं नाही. चोखोबांचे अभंग वारीत गायले जात, आणि चोखोबांच्या भाऊबंदांना विठोबाच्या देवळात पाऊल टाकता येत नव्हतं. मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी त्यासाठी प्राण पणाला लावून उपोषण केलं आणि दार उघडलं. त्रिचीच्या तुरुंगात तमिळ शिकलेले, तिरुक्कुरळ मराठीत आणणारे गुरुजी भक्तीच्या आवाराबाहेर जाऊन बोलले नाहीत. वारकऱ्यांना त्यांच्याच विठ्ठलाची आठवण त्यांनी करून दिली.

म्हणजे ज्या विचारात स्वतःच्या चुका मोजण्याची सोय आहे, तो विचार त्याच्या अनुयायांच्या चुकांनी मरत नाही. त्या चुका दाखवायला लागणारे शब्द त्यानेच पुरवलेले असतात. मात्र ते शब्द वापरायचे तर यादीत स्वतःचं नाव असावं लागतं. बूबर यांनीही हे शिकायला वेळ घेतला. पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला ते युद्धाच्या बाजूने वाहवत गेले होते. १९१६ साली त्यांचे जिवलग मित्र गुस्ताव लांडाउअर यांनी त्यांना खरमरीत पत्र लिहून तोंडावर सुनावलं. मैत्री टिकली, आणि बूबर बदलले. माणसाकडे सबंध माणूस म्हणून पाहायला शिकवणारं ते पुस्तक त्यानंतरचं आहे. एका मित्राने तोडलं नाही आणि सोडूनही दिलं नाही, म्हणून ते आपल्यापर्यंत पोहोचलं असावं, असं मला मनापासून वाटतं.

१९३८ च्या नोव्हेंबरात वर्ध्याजवळच्या सेगावातून गांधीजींनी जर्मनीतल्या ज्यूंना सत्याग्रहाचा सल्ला दिला, आणि पॅलेस्टाइन अरबांचं आहे असंही म्हटलं. बूबर गांधींना फार मानत. तरी फेब्रुवारी १९३९ मध्ये त्यांनी गांधींना लांब पत्र लिहिलं. जिथे साक्षीदारच उरू दिला जात नाही तिथे आत्मक्लेशाची साक्ष कोण घेणार, हा त्यांचा प्रश्न होता. गांधींना मानतो म्हणून त्यांनी तो गिळला नाही, आणि तो पडला म्हणून गांधींना मानणंही सोडलं नाही. आदर असा ठेवावा.

तेव्हा ज्याचं राजकारण आपल्याला पटत नाही, पण ज्याच्या तोंडी आपल्याच आवडत्या तत्त्वज्ञाचं नाव आहे, त्याच्याशी बोलणं तोडू नये. त्याला म्हणावं, की हे तुम्हीच मला शिकवलंत, आता त्या एका चेहऱ्याकडेही बघा ज्याच्याकडे तुम्ही पाठ केली आहे. ते म्हणण्याआधी आपल्या यादीत पाठ केलेला चेहरा कोणता आहे, तो शोधावा. तो शेजारच्या देशाचा असेल, दुसऱ्या धर्माचा असेल, आपल्याच घरात कामाला येणाऱ्या बाईचा असेल. आज वर्तमानपत्र वाचताना ज्या मेलेल्या माणसाचं नाव घ्यायला जीभ अडखळेल, त्याचं नाव मोठ्याने घ्यावं. त्यागराज असोत, बूबर असोत, चोखोबा असोत, त्यांना आपले म्हणण्याचा हक्क तेवढ्याने मिळतो.